१६के स्पेक्ट्रम ४८के करायचा आहे: चिप नागपुरात मिळतील का?

खामलेकर

रामराम मंडळी. मोठ्या काकांनी १९८३ साली लंडनहून आणलेला सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर घराच्या वाटण्यांत माझ्याकडे आला. (बाकी काही आलं नाही, तो धागा वेगळा काढावा लागेल.) रबरी बटणांवालाच आहे, कोपऱ्यात रंगीत पट्टे. आणि चालतो! टीव्हीचं काम आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने केलं, मॉड्युलेटर बाजूला काढून कॉम्पोझिटची वायर बाहेर आणून दिली. चालू केला की क्षणभर काळ्यावर लाल उभ्या रेघा, मग पांढरा पडदा आणि खाली १९८२ चा कॉपीराइट.

अडचण एकच. हा १६के, म्हणजे १६ किलोबाइट मेमरीचा आहे. त्यातले ६९१२ बाइट पडद्यालाच जातात, बेसिकला (त्याच्या प्रोग्रामिंगच्या भाषेला) जेमतेम नऊ के उरतात. जो गेम लावावा तो ४८के मागतो.

खालचे पाच स्क्रू काढून पाहिलं. बोर्डावर 'इश्यू टू' (दुसरी आवृत्ती) छापलंय. मेमरीच्या आठ चिप सोल्डर केलेल्या आहेत आणि बाजूला बारा सॉकेट रिकामे. ते भरले की ४८के होतो असं वाचलं. नेमक्या कुठल्या चिप घ्यायच्या, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतील का, आणि काही जळण्याची भीती आहे का? सोल्डरिंग येतं, पण हात फार साफ नाही.

पोहेतर्री

काहून भाऊ जीवाला त्रास करून राहिला? मोबाईलवर एम्युलेटर (स्पेक्ट्रमची नक्कल करणारं अ‍ॅप) टाक, दोन मिनिटांत ४८के, वाटलं तर १२८के. मे महिन्यात कूलरसमोर बसून गेम खेळ नं.

झेड८०_काका

तर्री, तू खेळ मोबाईलवर. त्याला मशीन उघडायची आहे, ते वेगळं सुख आहे.

खामलेकर, नीट वाच. तुझे बारा सॉकेट म्हणजे आयसी १५ ते आयसी २६. त्यातले १५ ते २२ हे मेमरीचे. २३ म्हणजे ७४एलएस३२, २४ म्हणजे ७४एलएस००, हे दोन्ही चौदा पायांचे. २५ आणि २६ म्हणजे ७४एलएस१५७, सोळा पायांचे. हे चार लॉजिकचे आयसी बर्डीवर मिळतील, इंजिनिअरिंगच्या पोरांच्या प्रोजेक्टमुळे ७४ मालिका अजून दुकानात असते. फक्त 'एलएस' वाचून घे.

मेमरीसाठी सिंक्लेअरने ४५३२ नावाच्या चिप वापरल्या होत्या. तो सगळा काटकसरीचा मामला. ६४ किलोबिटची चिप बनवताना जिचा अर्धा भाग खराब निघायचा, ती कारखाने टाकून न देता ३२ किलोबिटची म्हणून स्वस्तात विकायचे. सिंक्लेअरने त्याच उचलल्या. म्हणूनच बोर्डावर चिप टीआय कंपनीची की ओकी कंपनीची आणि कुठला अर्धा चांगला, हे सांगायला तारेच्या लिंक आहेत. १९८२ मध्ये १६केची किंमत १२५ पौंड आणि ४८केची १७५ होती, म्हणजे वरचे ३२के पन्नास पौंडांना.

तू ४५३२ शोधत बसू नको. सरळ ४१६४ घे. पाय तेच, आणि तिचे दोन्ही अर्धे शाबूत असतात, त्यामुळे लिंक कुठल्याही एका बाजूला दिली तरी चालते. पण एका बाजूला द्यायचीच, तो पाय लोंबकळत ठेवायचा नाही. लिंकची जागा बोर्डाच्या आवृत्तीप्रमाणे बदलते, इश्यू टूचा नकाशा पाहूनच डाग दे.

आता जळण्याबद्दल. खालच्या १६केच्या आठ चिप ४११६ आहेत. त्यांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५, आणि १६ म्हणजे ग्राउंड. ४१६४ ला फक्त ५ लागतात आणि ते पिन ८ वर. दोन्ही चिप सोळा पायांच्या, दिसायला सारख्या. उद्या खालची एखादी ४११६ गेली आणि तू त्या जागी उरलेली ४१६४ बसवलीस, तर तिच्या पाचाच्या पायावर बारा जातील. धूरही निघणार नाही, सरळ मरेल. खालच्या रांगेला हात लावायचा नाही.

नवीन काही बसवायच्या आधी चालू मशीनवर त्या तीन पिनांचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोज आणि इथे लिही. मीटरची सळई घसरून दोन पाय एकत्र करू नको.

रॅमराम

काका म्हणतात ते बरोबर, पण हात साफ नाही म्हणतोय तर बाहेरून लावायचा ३२केचा मॉड्यूल का नाही? मागच्या एज कनेक्टरला खोचला की झालं. बोर्डाला हात लागत नाही.

झेड८०_काका

बाहेरून खोचायच्या मेमरीचे उपद्व्याप आम्ही झेडएक्स८१ (सिंक्लेअरचंच आधीचं मशीन) वर भोगले आहेत. त्यात मेमरी १के, मागे १६केचा डबा खोचायचा. टेबलाला धक्का लागला की डबा हलायचा आणि तासाभराचं टायपिंग गायब. ब्लू टॅकने चिकटवून ठेवायचे लोक.

स्पेक्ट्रममध्ये त्याहून वाईट एक गोष्ट आहे. चालू मशीनला मागे काही खोचलं किंवा उपसलं, कनेक्टर तिरका बसला, की टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर जातो. बारा आणि उणे पाच बनवणारं सर्किट त्याच्यावर चालतं. उणे पाच गेले आणि बारा राहिले तर ४११६ तापून मरतात. म्हणजे बाहेरचा मॉड्यूल लावताना आतली जुनी मेमरी घालवायची. रिकामे सॉकेट आयते असताना हे कशाला?

जपणूक_पुणे

मी थोडं विरोधात बोलतो. ४८के स्पेक्ट्रम पैशाला पासरी आहेत. न छेडलेला १६के मिळत नाही, कारण बहुतेकांनी तेव्हाच वाढवून घेतले. इतकी वर्षं तसाच राहिलेला इश्यू टू तुम्ही आता बदलणार. दुसरा एखादा पडीक ४८के घ्या आणि हा जपून ठेवा.

खामलेकर

जपणूकभाऊ, तुमचं पटतंय. पण सॉकेट आहेत, चिप उपसल्या की पुन्हा १६के. लिंकची एक तार तेवढी नवीन. ती पण काढता येते.

जपणूक_पुणे

मान्य. मग एक करा, उघडलेल्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आधी काढून ठेवा. आणि इश्यू टूमध्ये झेड८० प्रोसेसरच्या पायांवर वरून एक ट्रान्झिस्टर सोल्डर केलेला दिसेल. तो कोणा मेकॅनिकचा जुगाड समजून काढू नका, कारखान्यातूनच तसा आलाय.

चष्मेवाली_बाई

धागा वाचून मजा येतेय. १९८४ मध्ये शाळांत कॉम्प्युटर शिकवायचा 'क्लास' प्रकल्प निघाला तेव्हा मी शाळेत शिकवत होते. सरकारने शाळांना बीबीसी मायक्रो दिले होते. त्यांचंही असंच होतं, मॉडेल ए १६केचा आणि मॉडेल बी ३२केचा. आमच्याकडे मशीन कमी, पोरं जास्त. खोलीबाहेर चपला काढायला लावायचो, धूळ जाऊ नये म्हणून! मशीनला काही होत नव्हतं त्याने, पण पोरं गप्प बसायची.

स्पेक्ट्रमही भारतात मिळायचा नंतर. डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढला होता, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. तो मुळातच ४८के. खामलेकर, तुम्हाला एखादा मेलेला डीबी मिळाला तर सुट्या भागांची सोय होईल.

खामलेकर

बाई, डीबी शोधतो.

काका, व्होल्टेज: पिन १ वर उणे ५.१, पिन ८ वर ११.९, पिन ९ वर ५.०. अ‍ॅडॉप्टरचं काय ते विचारायचं राहिलं. काकांचा मूळचा जळका वास मारतो म्हणून मी नवीन नऊ व्होल्टवाला घेतलाय, मधला भाग उणे असलेला.

बर्डीवर चारही लॉजिक आयसी मिळाले. ४१६४ म्हटल्यावर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. ऑनलाइन आहेत, पण काही फोटोंमध्ये अक्षरं फारच कोरी करकरीत दिसतात.

झेड८०_काका

व्होल्टेज उत्तम. अ‍ॅडॉप्टरचंही बरोबर, मधला उणेच पाहिजे, बाजारातले बहुतेक उलटे असतात. मूळचा १.४ अँपिअरचा होता, तेवढा तरी पाहिजे. एक ध्यानात ठेव: आतल्या ७८०५ रेग्युलेटरला उरलेले सगळे व्होल्ट उष्णता करूनच घालवावे लागतात. मूळचा अ‍ॅडॉप्टर रेग्युलेटेड नव्हता, भार नसताना नवाच्या बराच वर जायचा. नवीन रेग्युलेटेड असेल तर रेग्युलेटर थंड राहील. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत हे महत्त्वाचं.

कोऱ्या अक्षरांवर तुझा संशय योग्य आहे. जुन्या चिपची वरची बाजू घासून, रंग देऊन नवीन नंबर छापतात. कापसाला अ‍ॅसिटोन लावून पुसलं की काळं सुटतं.

त्यापेक्षा कबाडी गाठ. जुन्या पीसी-एक्सटीचं मदरबोर्ड किंवा मेमरी कार्ड शोध. त्यावर ४१६४ रांगेने असतात, बऱ्याचदा सॉकेटमध्ये. आणि रांग नऊची असते! आयबीएमने दर आठ बिटांमागे एक पॅरिटीचं (चूक पकडायचं) बिट ठेवलं होतं. एक रांग उचललीस की आठ स्पेक्ट्रमला आणि एक हाताशी. नंबरापुढे १५ असेल तर १५० नॅनोसेकंदांची, ती घे.

पोहेतर्री

कबाडी म्हणता तर माझ्या ओळखीचा एक आहे सक्करदऱ्याकडे, जुने कॉम्प्युटर किलोवर घेते. सोनं काढणाऱ्यांना विकते. लवकर जाय, त्यांच्याकडे माल टिकत नाही. मी सांगून ठेवतो त्याले.

खामलेकर

तर्री, तुझे उपकार. माणसाने तीन कार्डं समोर टाकली, वजन करून दिली! एकावर ४१६४ च्या दोन रांगा सॉकेटमध्ये, सगळ्यांवर १५.

काल रात्री बसलो. अंगातली स्टॅटिक घालवायला खिडकीच्या गजाला हात लावून घेतला, आपल्याकडची कोरडी हवा बघता भीतीच वाटते. सॉकेटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, खाच एका बाजूला आहे ना हे पाहून चिप बसवल्या, लिंक दिली. कीबोर्डच्या त्या दोन पट्ट्या उपसताना जीव मुठीत, पण तुटल्या नाहीत.

चालू केला. लाल रेघा, त्यानंतर पडदा आधीपेक्षा बराच जास्त वेळ काळा राहिला, मग पांढरा पडदा, कॉपीराइट. मग मेमरीचं टोक विचारायला टाकलं:

प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३

उत्तर ६५५३५!! म्हणजे झाला ना ४८के?

पण आता गंमत. गेम कॅसेटच्या आवाजातून चढतात, म्हणून टेपऐवजी फोन इअर सॉकेटला लावून ते चढवले. एक मस्त चालतो. दुसरा चढतो, चित्र येतं, आणि सुरू होताक्षणी मशीन रीसेट. तिसऱ्यात एक भिंत अर्धी दिसते. आवाज कमीजास्त करून पाहिला, फरक नाही. टेपचा दोष की मेमरीचा?

रॅमराम

अभिनंदन! ६५५३५ आलं म्हणजे मेमरी ठीक आहे. फाइल खराब असेल. दुसरीकडून उतरवून बघ.

झेड८०_काका

नाही हो रॅमराम. ६५५३५ आलं म्हणून मेमरी ठीक असं म्हणता येत नाही. सुरुवातीची ती तपासणी दिसते तेवढी कडक नाही.

रॉम (आतला कायमचा प्रोग्राम) काय करतो बघा. वरच्या टोकापासून खाली येत प्रत्येक पत्त्यावर २ लिहितो. पडद्याच्या भागातही २ च जातो, म्हणून काळ्यावर लाल रेघा. पुढच्या तपासणीत त्या पुसल्या जातात, आणि मेमरी तिप्पट झाली म्हणून नंतरचा काळा पडदा जास्त वेळ राहिला. मग खालून वर जाताना प्रत्येक पत्त्यातून एक वजा करतो, १ उरायला हवा. पुन्हा एक वजा, ० यायला हवा. आला तर पुढे, नाही आला तर तिथेच थांबून आधीच्या पत्त्याला मेमरीचं टोक मानतो. तोच आकडा २३७३२ मध्ये जातो.

आता विचार करा. त्या पत्त्यावर आयुष्यात २, १ आणि ० एवढेच आकडे लिहिले गेले. म्हणजे शून्य आणि एक क्रमांकाचीच बिटं हलली. बिट २ ते ७ पैकी एखादं कायमचं १ ला चिकटलं असेल तर पकडलं जाईल, कारण शेवटी शून्य येणार नाही. पण कायमचं ० ला चिकटलं असेल तर? रॉमला तिथे शून्यच हवं होतं. पास!

अख्खी चिपच तशी असती तर मशीन सुरूच झालं नसतं, कारण स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची जागा) वरच्या टोकाला असतो आणि परतीचे पत्तेच चुकले असते. तुझं सुरू होतंय, म्हणजे एखाद्या चिपचा मधला तुकडा गेलेला असावा. हे टाक:

१० क्लिअर ३२७६७
२० फॉर ए=३२७६८ टू ६५५३५: पोक ए,२५५: नेक्स्ट ए
३० फॉर ए=३२७६८ टू ६५५३५: इफ पीक ए<>२५५ देन प्रिंट ए,पीक ए
४० नेक्स्ट ए

आधी सगळीकडे लिहायचं आणि मग वाचायचं, म्हणजे मधल्या वेळात बिट टिकतं का तेही कळतं. बेसिक आहे, वेळ लागेल, चहा ठेव. पडद्यावर आकडे दिसले तर २५५ मधून ते वजा कर. फरक १ असेल तर आयसी १५, २ असेल तर १६, ४ असेल तर १७, असं दुप्पट दुप्पट करत १२८ ला आयसी २२.

खामलेकर

काका!! पडद्यावर बराच वेळ काही नाही, आणि मग ४०,००० च्या पुढे एकदम धाडधाड, सलग पत्ते, प्रत्येकापुढे २५१. मग पुन्हा शांत. फरक ४, म्हणजे आयसी १७?

झेड८०_काका

आयसी १७. पण लगेच फेकू नको. मशीन बंद करून १७ आणि १८ ची अदलाबदल कर आणि पुन्हा चालव. २४७ आला तर दोष चिपबरोबर सरकला, चिप खराब. २५१ च राहिला तर सॉकेट किंवा बोर्डावरची तांब्याची रेघ तपासावी लागेल.

खामलेकर

२४७ आला. तेच पत्ते.

आयसी १८ च्या जागची चिप काढून रांगेतली नववी लावली. पडदा कोरा, खाली 'ओके'. मग २५५ ऐवजी ० लिहून उलट पण तपासलं, तेही कोरं. रीसेट होणारा गेम गेला तासभर चालू आहे, पोरगा सोडायला तयार नाही. तिसऱ्यातली भिंत पूर्ण दिसते.

चष्मेवाली_बाई

वा! वजाबाकीवरून नेमकी चिप सापडते हे मुलांना शिकवायला काय झकास उदाहरण होतं. बायनरी शिकवताना आम्ही फळ्यावर बल्बची चित्रं काढत बसायचो.

पोहेतर्री

मी सुरुवातीले मोबाईल म्हटलो होतो, पण हे वाचून राहिलो तर मजा येऊन राहिली. मंग आता १२८के नाही होणार का? कार्डावर अजून एक रांग आहे नं त्याच्याकडे.

झेड८०_काका

चिप आहेत म्हणून मेमरी वाढत नाही रे. झेड८० ला पत्त्याच्या सोळा तारा, म्हणजे ६५५३६ पत्ते. १६के रॉम आणि ४८के रॅम, भरलं घर. खामलेकरची मशीन आता काठोकाठ आहे.

१२८के मॉडेलमध्ये वरचे १६के, म्हणजे ४९१५२ पासून पुढचा भाग, आठ पानांपैकी कुठलंही एक दाखवतो. कुठलं ते ३२७६५ या पोर्टवर लिहून सांगायचं. ते सर्किट आपल्या बोर्डावर नाही. जोडणारे जोडतात, पण त्याला जास्तीचं लॉजिक, तारांचा गुंता आणि नवीन रॉम लागतो. तिथे मात्र मी जपणूकभाऊंच्या बाजूने.

उलट आहे त्याचा फायदा घ्या. खालच्या १६केमध्ये पडदा आहे, तिथे यूएलए (पडदा सांभाळणारी चिप) पडदा काढताना झेड८० ला थांबवून ठेवते. वरच्या ३२केला ती अडवणूक नाही. मशीन कोड लिहायचा असेल तर ३२७६८ च्या वर लिही, तोच कोड जास्त वेगाने पळतो.

जपणूक_पुणे

खामलेकर, काढलेली खराब चिप वेगळ्या पुडीत ठेवा आणि वर नेलपॉलिशचा ठिपका द्या. नाहीतर चार महिन्यांनी चांगल्यांत मिसळेल. आणि एकदा उघडलंच आहे तर जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघून घ्या. टोकाशी काही पाझरलेलं दिसलं तर बदला.

खामलेकर

ठिपका दिला, लाल. कपॅसिटर वरून तरी कोरडे दिसतात, पुढच्या वेळी उघडेन तेव्हा बदलतो. मशीन कोडचं काकांना वेगळा धागा काढून विचारतो.

रॅमराम

त्या कार्डावरची दुसरी रांग तुला लागणार नसेल तर मला आठ चिप दे रे. माझ्याकडे पण इश्यू टूच आहे, रिकाम्या सॉकेटांसकट. रविवारी बर्डीवर येतो, व्हरायटी चौकात भेटू. फक्त आणायच्या आधी तुझ्या मशीनमध्ये घालून ती २५५ वाली तपासणी करून ठेव.

खामलेकर

नऊच्या नऊ घेऊन जा. तपासून ठेवतो. सकाळी दहाच्या आत ये, नंतर ऊन फार होते.